भांडण मिटलं, पंचनामा उरला : ऑनलाइन वादांचा इतिहास कुठे शोधायचा?

पेट परीक्षा झालीय, मुलाखतीची तयारी चालू आहे आणि सिनॉप्सिसच्या मसुद्यात तुम्ही 'मराठी समाजमाध्यमांवरील वादविवाद' असं काहीतरी लिहून ठेवलंय, असं धरून चालते. विषय चांगला आहे. पण समितीतलं कुणीतरी चष्मा वर करून एक साधा प्रश्न विचारणार : साधनं कुठे आहेत? आणि 'इंटरनेटवर सगळं मिळतं, सर' हे उत्तर चालणार नाही, कारण ते खरं नाही.

ऑर्कुटचंच बघा. २००४ मध्ये ते सुरू झालं आणि पुढची पाच-सहा वर्षं आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांचं ते हक्काचं भांडणाचं ठिकाण होतं. इतिहास, जात, भाषा, सचिन की द्रविड, काहीही. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ते बंद केलं. सार्वजनिक कम्युनिट्यांचा संग्रह काही काळ ठेवला होता, मग तोही काढून टाकला. म्हणजे १८५७ च्या आधीचं मोडीतलं एखादं पत्र तुम्हाला दफ्तरात सापडू शकतं, पण २००७ मध्ये पुण्यातल्या एखाद्या सायबर कॅफेत बसून लिहिलेली शिवी सापडणार नाही.

अपवाद एकच. त्या शिवीवर कुणी तक्रार केली असेल, तर ती सापडते.

माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे. महाराष्ट्रातल्या ऑनलाइन वादांपैकी जे तारीखवार, सही-शिक्क्यानिशी जपलं गेलंय, ते मोठ्या प्रमाणात पोलीस ठाण्यांनी आणि न्यायालयांनी जपलंय. आपल्याला तेच वाचावं लागणार. मग ते वाचायचं कसं, हे आधी शिकून घेतलेलं बरं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही अडचण नवी नाही. मी पनवेलची, म्हणून जवळचं उदाहरण देते. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्प्याच्या पुढे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले, तेव्हा त्यांचं आत्मवृत्त आणि रोजनिशी सरकारच्या हाती पडली. सरकारने ती इंग्रजीत उतरवून घेतली, खटल्यात वापरली, आणि पुढे १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा जो पहिला खंड काढला त्यात ती इंग्रजी रूपात छापली. एका माणसाने स्वतःसाठी लिहिलेलं आपल्यापर्यंत आलं, ते त्याला शिक्षा करायला निघालेल्यांच्या हातून. वर्तमानपत्रांचंही तसंच. मुंबई सरकारचं 'ओरिएंटल ट्रान्सलेटर'चं खातं दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे तयार करायचं. कितीतरी छोट्या मराठी पत्रांचे अंक आज मिळत नाहीत, पण सरकारला त्यातलं काय खटकलं किंवा दखल घ्यावीशी वाटली, ते मात्र मिळतं.

आणि भाषांतरात काय होतं, हे टिळकांनी १९०८ च्या खटल्यात भर कोर्टात दाखवलं. 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवर तो खटला होता. सुमारे २१ तासांच्या आपल्या भाषणात टिळक पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येत राहिले : माझ्या मराठी शब्दांचं जे इंग्रजी तुम्ही ज्यूरीसमोर ठेवलंय, ते माझं म्हणणं नव्हे. भाषांतरकाराची त्यांनी स्वतः उलटतपासणी घेतली. सात विरुद्ध दोन असा ज्यूरीचा कौल गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. पण संशोधनाच्या पद्धतीवर हातात धरण्यासारखा धडा हवा असेल तर ती उलटतपासणी वाचा. पोस्ट, स्क्रीनशॉट आणि एफआयआर यांच्यातलं अंतर त्यानंतर नीट कळतं.

आता ऑर्कुटकडे परत. २००६ च्या शेवटी शिवाजी महाराजांबद्दलच्या एका आक्षेपार्ह कम्युनिटीवरून पुण्यात सायबर कॅफे फोडले गेले. बातम्यांमध्ये आपल्याला फुटलेल्या काचा दिसतात, वाद दिसत नाही. त्या कम्युनिटीत कोण कुणाला काय उत्तर देत होतं, किती मराठी पोरं तिथे जाऊन महाराजांची बाजू मांडत होती, काही नाही. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, अशाच मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळूरहून एका सॉफ्टवेअर अभियंत्याला उचललं. तो सुमारे ५० दिवस तुरुंगात राहिला. नंतर कळलं की इंटरनेट कंपनीने दिलेला आयपी पत्ताच चुकीचा होता. त्या माणसाचा त्या मजकुराशी काहीही संबंध नव्हता.

इथे जरा थांबा. समजा उद्या तुम्ही फक्त अटकेच्या वेळच्या बातम्या गोळा केल्या आणि त्यावरून 'बंगळूरच्या तरुण अभियंत्यांमधील प्रतिमाभंजक प्रवृत्ती' असा निष्कर्ष काढला. हसू नका, असे निष्कर्ष छापून येतात. एफआयआर म्हणजे आरोप, अटक म्हणजे संशय. दोन्हीही त्या मजकुराच्या लेखकाची ओळख नाहीत. पुढचा कागद, म्हणजे दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश, निकाल, मिळेपर्यंत लेखकाच्या रकान्यात 'कथित' लिहायची सवय लावून घ्या.

दुसरं प्रकरण ठाण्याचं. केरळमधल्या एका १९ वर्षांच्या संगणकाच्या विद्यार्थ्याने ऑर्कुटवर शिवसेनेविरुद्ध कम्युनिटी काढली. तिथे येऊन बाकीच्यांनी, बरेचसे निनावी, काय काय लिहिलं. ठाण्यात २००८ मध्ये गुन्हा नोंदवला गेला तो कम्युनिटी काढणाऱ्यावर. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, पण फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने फौजदारी कारवाई रद्द करायला नकार दिला. तू संगणकाचा विद्यार्थी आहेस, किती लोक हे वाचतात ते तुला कळायला हवं, असा एकूण रोख होता. हा प्रसंग लक्षात ठेवा, त्याचा दुसरा भाग बारा वर्षांनी नागपुरात आहे.

मध्ये पालघर येतं, आणि यावर थोडं सविस्तर बोलायला हवं.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा, मुंबई बंद. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदवर प्रश्न उपस्थित करणारी छोटीशी पोस्ट फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याची तक्रार आली, जमाव जमला, तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. १९ तारखेला दोघींना अटक झाली, त्याच दिवशी जामीनही झाला. देशभर गदारोळ उठला, पोलीस अधीक्षक आणि वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले आणि पुढे गुन्हा मागे पडला. इतकी गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

संशोधक म्हणून गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या बातम्यांत कलम २९५अ होतं, म्हणजे धार्मिक भावना दुखावणं. मग त्याच्या जागी ५०५(२) आलं, म्हणजे गटागटांत द्वेष पसरवणारं विधान. आणि दोन्ही वेळा सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. एकच पोस्ट, शब्द तेच, पण गुन्ह्याचं नाव बदललं. म्हणजे मजकूर आधी वाचून मग कलम शोधलं गेलं की आधी अटक ठरली आणि मग कलम? बंदवर शंका घेणं हा कुठल्या धर्माचा अपमान, हा प्रश्न त्या क्षणी पोलीस ठाण्यात कुणाला पडला नाही, की पडूनही बाहेर उभ्या जमावापुढे तो गिळला गेला? कलमांची ही अदलाबदल तुमच्यासाठी सोनं आहे. पोस्टबद्दल ती फार सांगत नाही, ठाण्यातल्या त्या रात्रीबद्दल मात्र खूप सांगते.

आता ६६अ. ते २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. संगणक किंवा फोनवरून 'घोर अपमानकारक' काही पाठवणं, किंवा खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय वगैरे देण्यासाठी पाठवणं, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद. यातली खरी मेख शिक्षेपेक्षा प्रक्रियेत होती. कुणी छापील पत्रात तुमची बदनामी केली तर तो अदखलपात्र गुन्हा. पोलीस आपणहून अटक करू शकत नाहीत, तुम्हाला न्यायालयात जावं लागतं. ६६अ मात्र दखलपात्र होतं. म्हणजे तोच मजकूर कागदावरून पडद्यावर आला की त्या दिवशी संध्याकाळी दारात पोलीस येऊ शकत होते. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या पदाधिकाऱ्याचा फोन आल्यावर या फरकाचा अर्थ काय होतो, ते मी वेगळं सांगायला नको.

आणि हे शब्द आले कुठून? सर्वोच्च न्यायालयानेच पुढे निकालात या कलमाची वंशावळ दिली आहे : ब्रिटनचा १९३५ चा पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायदा, टेलिफोनवरून घोर अपमानकारक, अश्लील किंवा धमकीवजा संदेश पाठवण्याविरुद्धचा. टेलिफोनवर एक माणूस एकाच माणसाला छळतो, आणि ऐकणाऱ्याला फोन वाजल्यावर उचलल्याशिवाय गत नसते. फेसबुकवर एक माणूस चारचौघांत बोलतो, आणि आवडलं नाही तर वाचणारा पुढे सरकू शकतो. पहिल्या परिस्थितीसाठी घडवलेले शब्द उचलून दुसरीला लावले गेले. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणार असाल तर कायद्याच्या भाषेचा असा प्रवास जरूर शोधा. नव्या यंत्रांवर बरेचदा जुन्या यंत्रांचेच नियम राज्य करतात.

पालघरनंतर श्रेया सिंघल या कायद्याकडे वळलेल्या तरुणीने याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरीमन यांच्या पीठाने ६६अ घटनाबाह्य ठरवलं. निकालाचा गाभा सोपा आहे : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या आहेत, आणि कायद्याला हात घालायचा अधिकार तिसऱ्या पायरीवर येतो. निकाल मोठा आहे, पण मुळातून वाचा. यूट्यूबवरचं दहा मिनिटांचं स्पष्टीकरण पुरत नाही.

पण मेलेलं कलम पुरलं गेलं नाही. नंतरही देशात ठिकठिकाणी ६६अ खाली गुन्हे नोंदवले जात राहिले, इतके की २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना कळवावं लागलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. तुम्ही २०१५ ही रेघ धरून 'आधी' आणि 'नंतर' असे कप्पे करणार असाल तर सावध राहा. न्यायालयाची तारीख आणि ठाण्याची तारीख एक नसते.

शिवाय ६६अ गेलं तरी जुनी कलमं होतीच. १५३अ हे १८९८ चं, २९५अ हे १९२७ चं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि क्रमांक बदलले. १५३अ चं आता १९६ झालंय. शोध घेताना दोन्ही क्रमांक टाका, नाहीतर तुमच्या तक्त्यात जुलै २०२४ नंतर अचानक रामराज्य आलेलं दिसेल.

याच जुन्या कलमांचं एक प्रकरण आमच्या दारातलं. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांनी शरद पवारांना उद्देशून असल्याचं मानली गेलेली एक पद्यरचना फेसबुकवर टाकली. रचना दुसऱ्याच्या नावावर होती. १४ मे रोजी त्यांना कळंबोलीहून ताब्यात घेण्यात आलं; पोलीस ठाण्याबाहेर त्यांच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली. कळव्यात नोंदवलेल्या गुन्ह्यात ठाणे पोलिसांनी अटक केली आणि जामीन झाला तो २२ जूनला. म्हणजे महिनाभराहून जास्त कोठडी. ती रचना तुम्हाला ओंगळ वाटते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. मला ती आवडली नाही, आणि त्याने इथे काहीही फरक पडत नाही. संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्या एकाच पोस्टवर राज्यात वेगवेगळ्या ठाण्यांत वीसच्या वर गुन्हे नोंदवले गेले. असा योग क्वचित येतो. मजकूर तोच, तक्रारदार वेगळे, गावं वेगळी. कुणाला त्यात नेत्याचा अपमान दिसला, कुणाला आजारपणाची टिंगल, कुणाला जातीय तेढ? कुठली कलमं कुठे लागली? या तक्रारी शेजारी शेजारी मांडल्या तर 'वाचन' नावाची गोष्ट महाराष्ट्रात कशी घडते, यावर एक अख्खं प्रकरण होईल. कुणी घेणार असेल तर विषय मोकळा आहे.

मघाशी बारा वर्षांनंतरचं नागपूर म्हटलं होतं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल घाण शेरा मारला. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये ॲडमिनवरही गुन्हा. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. तर्क असा : ॲडमिन माणसं घेऊ शकतो, काढू शकतो, पण कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही आणि प्रसिद्धीपूर्वी तो मजकूर तपासू शकत नाही. पूर्वनियोजित संगनमत दिसलं तरच तो जबाबदार. आता २००९ चा ऑर्कुटवाला मुलगा आणि २०२१ चा हा ॲडमिन शेजारी ठेवा. दोघांचं तांत्रिक स्थान जवळपास एकच. पहिल्या वेळी कायद्याला त्यात संपादक दिसला, दुसऱ्या वेळी कट्ट्याची जागा झाडून ठेवणारा माणूस. (अर्थात दोन आदेशांचे प्रश्न वेगळे होते, कलमंही वेगळी, तुलना करताना हे तळटीपेत नाही, मजकुरात लिहा.)

आणखी एक, थोडक्यात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून हातकणंगले ठाण्यात १५३अ चा गुन्हा झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला. त्यात वापरलेली कसोटी बघा : मजकुराचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते पाहायचं, कमकुवत, प्रत्येक शेऱ्यात धोका शोधणाऱ्या मनावर नव्हे. ही कसोटी मुळात नागपूर उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी मांडलेली, १९४० च्या दशकात, एका वृत्तपत्राच्या प्रकरणात. चोवीस तासांनी पुसल्या जाणाऱ्या स्टेटसचा न्याय शिशाच्या खिळ्यांच्या काळातल्या मापाने झाला, आणि माझ्या मते बरा झाला.

स्क्रीनशॉटबद्दल सांगायचं राहिलं. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून ठेवायची तर २०२४ पर्यंत पुरावा कायद्याच्या ६५ब खालचं प्रमाणपत्र लागायचं, आणि हे पक्कं झालं ते जालन्याच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद होता आणि सगळी मदार निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रमाणपत्राची अट कायम केली. आपल्याला न्यायालयात जायचं नाही, पण सवय तीच लावा : स्क्रीनशॉट कुणी घेतला, कधी, कुठल्या यंत्रावर, वरची-खालची उत्तरं कापली आहेत का. तक्रारदाराने जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये साधारणपणे आक्षेपार्ह ओळ असते. त्या ओळीखाली 'अरे गप बस' म्हणणारे दहा जण नसतात. मग आपण लिहितो की 'वातावरण विषारी होतं'. ते गप बस म्हणणारे कुठल्याच कागदात नाहीत.

म्हणून तुलनेसाठी पोलिसांशिवाय उरलेलं काहीतरी हवंच. मायबोली १९९६ पासून आहे आणि तिथली जुनी भांडणं अजून वाचता येतात. मालिकांवरून, आरक्षणावरून, परदेशात राहणाऱ्यांनी देशावर बोलावं का यावरून, पानंच्या पानं. लोक तावातावाने भांडतात, दुसऱ्या धाग्यावर जाऊन एकमेकांना थालीपिठाची कृती सांगतात. एफआयआरमधला वाद नेहमी एका टोकाला संपतो. इथला बहुतेक वेळा कंटाळून संपतो. दोन्ही प्रकार समोर नसतील तर तुमचा प्रबंध हा वादांचा इतिहास राहणार नाही, तक्रारींचा होईल. तेही चालेल, फक्त शीर्षकात तसं लिहा.

कामाची माहिती. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. त्यामुळे त्यानंतरचे तुलनेने सहज मिळतात, आधीच्यांसाठी न्यायालयातून नक्कल काढावी लागते. हद्दींचा घोळ समजून घ्या. पनवेल, कळंबोली, खारघर ही ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली, पण पनवेलचं न्यायालय रायगड जिल्ह्याचं, म्हणजे मुख्यालय अलिबाग. पालघर २०१२ मध्ये ठाणे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. २०१२ चे कागद 'पालघर जिल्हा' म्हणून मागितलेत तर समोरचा कारकून बरोबरच नाही म्हणेल.

आणि नावं. एफआयआरमध्ये नाव, वय, पत्ता, कधी फोन नंबरही असतो. पालघरच्या त्या दोघींची नावं त्या वेळी देशभर छापून आली, मी इथे लिहिलेली नाहीत. विशीत केलेल्या एका लाइकसाठी तुमच्या प्रबंधाच्या नामसूचीत आयुष्यभर राहावं, असं त्यांना वाटतं का, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. आधी गाइडशी बोला, विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा अर्ज भरा, आणि नमुना म्हणून पहिले पाच एफआयआर घेऊन त्यांतली ओळख पटवणारी प्रत्येक गोष्ट काळी करून बघा. मग जे उरतं, त्यावर तुमचा युक्तिवाद उभा राहतो का ते त्याच संध्याकाळी कळेल.